वर्ल्ड रग्बीचा मोफत ऑनलाइन पंच-अभ्यासक्रम : नाशिकच्या एका पीटी मॅडमचा अनुभव

कुठल्याही खेळात शिट्टी हातात घेणाऱ्या माणसाने हा अभ्यासक्रम करावा, असं माझं सरळ मत आहे. रग्बी खेळवायची असो वा नसो. पाचपैकी साडेचार गुण, आणि उरलेला अर्धा का राखून ठेवलाय तेही पुढे सांगते.

मी सातपूरच्या बाजूच्या एका शाळेत खेळ शिकवते. मूळची कबड्डीची. पंचपरीक्षा देऊन बरीच वर्षं झाली, जिल्ह्यातल्या शालेय सामन्यांना पंच म्हणून जाते. शालेय स्पर्धांच्या यादीत रग्बी दिसली तेव्हा आमच्या मुलींनीच "मॅडम, आपण पण टीम काढू ना" म्हणून लकडा लावला. टीम निघाली, चेंडूही आला. पण सामना खेळवणार कोण? नाशिकमध्ये कबड्डीचे, खो-खोचे, ॲथलेटिक्सचे जाणकार पंच गल्लोगल्ली सापडतील. रग्बीचा पंच शोधायचा तर मुंबई-पुण्याकडे फोन फिरवावे लागतात. त्यामुळे वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेच्या ‘पासपोर्ट’ या संकेतस्थळावर मी नाव नोंदवलं. ई-मेल द्यायचा, देश निवडायचा, झालं. पैसे लागत नाहीत. सगळं फोनवर होतं. मी रात्री स्वयंपाकघर आवरून झालं की बसायचे.

आत बरंच काही आहे, म्हणून नवख्याचा गोंधळ होऊ शकतो. माझं ऐकाल तर आधी ‘रग्बी रेडी’ (सुरक्षित खेळाची तयारी) करा, मग डोक्याच्या दुखापतीचा भाग, मग पंचगिरीची तोंडओळख, आणि खेळाचे नियम सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नियमांपासून सुरुवात करतात आणि स्क्रमपाशी, म्हणजे दोन्ही संघ वाकून, एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटतात त्या भागापाशी, येऊन दमतात. नियम २१ आहेत. त्यातले मैदान, चेंडू, खेळाडूंची संख्या, वेळ हे भराभर होतात. खरा कस नवव्या नियमापासून, म्हणजे धोकादायक खेळापासून लागतो. तिथून पुढे ऑफसाइड (आपल्या संघाच्या चेंडूच्या पुढे राहून खेळात भाग घेणं), नॉक-ऑन (चेंडू हातातून पुढे निसटणं), टॅकल, रक, मॉल (चेंडू हातात घेऊन उभ्या खेळाडूभोवतीची झुंज), लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये आत फेकणं), स्क्रम असं एकेक येतं. मजकुराबरोबर छोटे व्हिडिओ आहेत आणि तेच या अभ्यासक्रमाचं सोनं आहे. वाचून डोक्यात न शिरणारा नियम दहा सेकंदांच्या तुकड्यात लख्ख दिसतो.

टॅकलचंच बघा. एखादी मुलगी चेंडू घेऊन पळतेय, दुसरीने तिला कमरेत धरून खाली पाडलं. आपल्या कबड्डीत पकड झाली, चढाईवाली अडकली, पंचाने शिट्टी मारली की विषय संपतो. रग्बीत विषय तिथून सुरू होतो. पाडणारीने तिला ताबडतोब सोडायचं आणि चेंडूपासून बाजूला व्हायचं. पडलेलीने चेंडू लगेच मोकळा करायचा: कोणाला तरी द्यायचा, ढकलायचा किंवा जमिनीवर ठेवायचा. तिसरी जी धावत येते तिने आपल्या बाजूने, पायांवर उभं राहूनच यायचं. तिने रक होण्याआधी चेंडूला हात घातला तर चालतं. दोन्ही संघांची किमान एकेक खेळाडू चेंडूच्या वर, पायांवर उभी राहून एकमेकींना भिडली की रक झाला. मग नव्याने कोणी हात घालायचा नाही, आणि बाकीच्यांनी आपल्या शेवटच्या पायाच्या मागे राहायचं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं आणि पंचाने तेवढ्यात ठरवायचं असतं की कोणाची चूक आधी झाली.

मी ते व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. मग शाळेच्या मैदानावर मुलींना चालत्या गतीने तेच करायला लावलं. आधी पाडणारीचे हात बघायचे, मग पडलेलीचा चेंडू, मग येणारीचे पाय. हा नजरेचा क्रम एकदा बसला की गर्दीतही दिसायला लागतं. कबड्डीच्या पंचांना हे लवकर जमेल, कारण पाय, रेषा आणि हात एकाच वेळी पाहण्याची सवय आपल्याला आहेच.

आमचं मैदान मुरमाचं आहे, इथल्या बहुतेक शाळांचं तसंच असतं. मैदानाची पाहणी आणि सुरक्षितता हा भाग ‘रग्बी रेडी’मध्ये वाचल्यावर मी पहिला निर्णय तोच घेतला: मुरमावर टॅकल नाही. शाळेत आम्ही स्पर्शाची, बिनटॅकलची रग्बी खेळतो. टॅकलचा सराव हिरवळ किंवा भुसभुशीत माती मिळेल तिथेच. काही पालकांना वाटलं की मॅडम उगाच घाबरतात. पण खेळवणाऱ्याने आधी जमीन बघावी, ही शिकवण मला पटली. ती कबड्डीलाही लागू आहे.

आता डोक्याच्या दुखापतीचा भाग. बाकी काही नाही केलंत तरी एवढा तरी करा. शिक्षकांनी, पालकांनी, तालमीच्या वस्तादांनीसुद्धा. तो कसा उपयोगी पडतो ते सांगते. सरावात आमच्या दोन मुलींची डोकी एकमेकींवर आदळली. एक लगेच उठली. दुसरीही उठली, हसली, म्हणाली, "काही नाही झालं मॅडम, मी खेळते." पण ती चुकीच्या दिशेला तोंड करून उभी होती. मी विचारलं, आत्ता बॉल कोणाकडे होता? तिला सांगता येईना. पूर्वी आपण काय करायचो? तोंडावर पाणी मारायचं, ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि पुन्हा आत पाठवायचं. अभ्यासक्रमात स्वच्छ सांगितलंय की मेंदूला मार लागण्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असं नाही. बहुतेक वेळा ती हरपत नाही. डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, गोंधळलेपण, झोक जाणं यातलं एकही चिन्ह दिसलं किंवा नुसता संशय आला, तरी खेळाडू बाहेर. त्या दिवशी परत आत येणे नाही. मी तिला सावलीत बसवलं, एकटी सोडलं नाही, तिच्या आईला अंबडहून बोलावून घेतलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती टप्प्याटप्प्याने परतली. तिची आई मला म्हणाली, "ताई, घरी असती तर मी बाम लावून झोपवलं असतं." हा भाग फुकट उपलब्ध असताना तो आपल्याकडच्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाच्या हाती का जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नियमांच्या शेवटी पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात. ते सोपे नाहीत. दोन पर्याय इतके जवळचे असतात की व्हिडिओ नीट न पाहणारा अडकतोच. ऑफसाइड आणि नॉक-ऑन एकत्र आले की विशेष. तो भाग करताना मी २०१५ च्या विश्वचषकातला स्कॉटलंड-ऑस्ट्रेलिया उपांत्यपूर्व सामना पुन्हा पाहिला आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. शेवटच्या क्षणांत स्कॉटलंड पुढे होतं. त्यांच्याकडून चेंडू हातातून पुढे गेला आणि त्यांच्याच पुढे असलेल्या खेळाडूने तो धरला. दक्षिण आफ्रिकेचे पंच क्रेग जुबेर यांनी ऑफसाइडची पेनल्टी दिली. बर्नार्ड फोलीने ती मारली आणि ऑस्ट्रेलिया ३५-३४ ने जिंकलं. पण मध्ये चेंडू ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सला लागून गेला होता. प्रतिस्पर्ध्याने चेंडू खेळला की समोरचा ऑफसाइड उरत नाही. म्हणजे पेनल्टी द्यायची नव्हती, आधीच्या नॉक-ऑनबद्दल स्क्रम द्यायचा होता. वर्ल्ड रग्बीने नंतर तसं जाहीरही केलं. तेव्हाच्या नियमांप्रमाणे अशा निर्णयासाठी जुबेरना व्हिडिओ-पंचाची मदत घेता येत नव्हती. एका माणसाने, थकलेल्या पायांनी, क्षणार्धात घेतलेला निर्णय आणि चार वर्षांच्या तयारीवर पाणी. या पातळीवरची पंचगिरी काय असते, ते मला त्या सामन्याने सांगितलं.

इथे जरा थांबून मोठ्या पंचांबद्दल लिहायलाच हवं, कारण अभ्यासक्रमाने मला त्यांच्यापर्यंत पोचवलं. नायजेल ओवेन्स हे वेल्सचे. शाळेच्या संघाकडून खेळताना ऐन मोक्याची सोपी किक त्यांनी चुकवली, तेव्हा त्यांच्या शिक्षकांनीच सुचवलं, तू रेफरी का होत नाहीस? सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी शिट्टी घेतली, पुढे एका शाळेत तंत्रज्ञाची नोकरी केली, आणि २००५ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना मिळाला. २००७ मध्ये आपण समलिंगी असल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. त्या काळात, त्या खेळात, हे धाडसाचं काम होतं. २०१५ ची विश्वचषक अंतिम लढत, न्यूझीलंड ३४ ऑस्ट्रेलिया १७, त्यांनीच खेळवली. नोव्हेंबर २०२० मध्ये पॅरिसला फ्रान्स-इटली सामन्यात शंभरावी कसोटी (आंतरराष्ट्रीय सामना) पूर्ण करणारे ते पहिले पंच ठरले. एका शिक्षकाच्या एका वाक्याने एवढं झालं. मी शिक्षिका आहे, त्यामुळे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

ओवेन्स यांचे सामने आवाज चालू ठेवून पाहा. रग्बीत पंचाच्या अंगावर माइक असतो, त्याचं बोलणं प्रेक्षकांना ऐकू येतं. ते सतत बोलत असतात. "सोड", "बाजूला हो", "हात काढ", "मागे राहा". चूक होण्याआधी सांगतात. एवढं सांगूनही केली तर मग शिट्टी. आणि कोणी हुज्जत घातली तर कर्णधाराला बोलावून, आवाज न चढवता, दोन वाक्यांत निकाल. २०१२ मध्ये तक्रार करणाऱ्या एका खेळाडूला त्यांनी ऐकवलेलं "हा सॉकर नाही" हे वाक्य सगळीकडे गाजलं. पण मला त्यांचं ते शांत, अखंड बोलणं जास्त मोलाचं वाटतं. मी आता कबड्डीतही बोलते. मध्यरेषेवरच्या पंचाला नियमाने जेवढं बोलता येतं तेवढंच, पण चढाई सुरू होण्याआधी पोरींना एकदा समज देते. सामन्यातली कुरबूर डोळ्यांना दिसण्याइतकी कमी झालीय.

आणि हाच तो राखून ठेवलेला अर्धा गुण. आवाज कसा वापरायचा, कुठे उभं राहायचं, रकच्या किती जवळ जायचं, दम लागलेला असताना डोकं थंड कसं ठेवायचं, हे पडद्यावर बसून येत नाही. म्हणूनच पुढचा, पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम प्रशिक्षकांसमोर मैदानावर होतो आणि ऑनलाइनचा भाग ही त्याची पूर्वतयारी आहे. ऑनलाइन प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे आपण पंच झालो, असं कोणी समजू नये. पळण्याचंही तसंच. ब्रॉन्को नावाची एक चाचणी आहे: २० मीटर जाऊन परत, ४० जाऊन परत, ६० जाऊन परत, असे सलग पाच फेरे, एकूण १२०० मीटर. मी ती गोल्फ क्लब मैदानावर सकाळी करते. जॉगिंगला येणारे आजोबा सुरुवातीला थांबून बघायचे, आता त्यातले एक जण स्टॉपवॉच धरतात.

पंचाला काय सोसावं लागतं याबद्दल अभ्यासक्रमात सगळंच येत नाही. ते वेन बार्न्स यांच्या कारकिर्दीत दिसतं. इंग्लंडचे बार्न्स पेशाने बॅरिस्टर. पंधराव्या वर्षी शिट्टी घेतली, पाच विश्वचषक केले, एकूण १११ कसोट्या, हा विक्रम. २००७ च्या फ्रान्स-न्यूझीलंड उपांत्यपूर्व सामन्यात नियमाविरुद्ध पुढे फेकलेला एक पास त्यांच्या नजरेतून सुटला, न्यूझीलंड हरलं, आणि वर्षानुवर्षं त्यांना शिव्याशाप मिळाले. त्यानंतरही ते सोळा वर्षं उभे राहिले आणि २८ ऑक्टोबर २०२३ ला पॅरिसजवळ विश्वचषकाची अंतिम लढत त्यांनी खेळवली. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याला आधी पिवळं कार्ड दिलं, म्हणजे दहा मिनिटांसाठी बाहेर बसवलं, मग बाहेर बसून चित्रफीत तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ते लाल केलं. पुरुषांच्या अंतिम सामन्यातलं ते पहिलं लाल कार्ड. त्यानंतर बार्न्स निवृत्त झाले, आणि आपल्यालाच नव्हे तर घरच्यांनाही धमक्या आल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

मी हे वाचलं तेव्हा मला परक्या देशातलं काही वाटलं नाही. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सामन्यात बोनसचा गुण नाकारला म्हणून एका पंचांची मोटारसायकल अडवून धरलेली मी पाहिलीय. त्यांनी पुढच्या वर्षी यायचं सोडलं. चांगला माणूस खेळाने गमावला. रग्बीत निदान नियम पंचाच्या मागे उभा आहे. पंचाशी बोलायचं ते कर्णधाराने. पेनल्टीनंतर वाद घातला तर जागा आणखी दहा मीटर पुढे. आमच्या मुलींना हा नियम सगळ्यात आधी शिकवला. सुरुवातीला प्रत्येक शिट्टीला चौघी एकदम ओरडायच्या, "मॅडम, तिनेच धरून ठेवलं होतं!" आता कर्णधार येते, हात मागे बांधून विचारते, "मॅडम, कशाची पेनल्टी?" मी सांगते, ती जाऊन बाकीच्यांना सांगते. शाळेच्या वर्गातही तिचं बोलणं बदललंय, असं तिच्या वर्गशिक्षिका म्हणतात.

मुलींसाठी म्हणून मी दोन नावं वर्गाच्या फळ्यावर लिहिली. आयर्लंडच्या जॉय नेव्हिल: आधी देशासाठी खेळल्या, मग पंच झाल्या, २०१७ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना खेळवला आणि त्याच वर्षी वर्ल्ड रग्बीचा सर्वोत्तम पंचाचा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकात त्या व्हिडिओ-पंच होत्या. दुसऱ्या स्कॉटलंडच्या हॉली डेव्हिडसन. दुखापतीमुळे खेळणं सुटलं, नोकरी होती, ती सोडून पूर्णवेळ पंच झाल्या. २०२२ मध्ये लिस्बनला पोर्तुगाल-इटली हा पुरुषांचा सामना त्यांनी खेळवला, तेव्हा मैदानावरचे आणि व्हिडिओचे सगळेच पंच महिला होत्या. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या पुरुष संघाचा कसोटी सामना खेळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. महिला विश्वचषकाच्या मागच्या दोन्ही अंतिम लढती, ऑकलंडची २०२२ ची आणि लंडनची २०२५ ची, त्यांच्याच शिट्टीवर झाल्या. माझ्या नववीतल्या एका मुलीला खेळण्यापेक्षा पंचगिरीची ओढ जास्त आहे. तिने विचारलं, "मॅडम, पंच झालं तर पण परदेशात जाता येतं?" मी हो म्हटलं. आणि ते खरं आहे.

आपल्याकडे हा खेळ कालपरवा आलाय असंही कोणी समजू नये. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या कलकत्ता कपासाठी भिडतात, तो १८७८ मध्ये कलकत्त्याच्या क्लबने बंद पडताना आपल्याकडचे चांदीचे रुपये वितळवून घडवला. मुंबईत जून २०२५ मध्ये सात-सात खेळाडूंची रग्बी प्रीमियर लीग झाली. आमच्या मुलींनी ती टीव्हीवर पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकदम किक मारायची होती.

माझ्या शाळकरी पंचांसाठी मी अभ्यासक्रमाचे व्हिडिओ इंग्रजीतून लावते आणि शेजारी उभी राहून मराठीत समजावते. इंग्रजी सोपं आहे, आठवी-नववीची मुलं पकडतात. सात जणांच्या रग्बीत सात-सात मिनिटांचे दोन डाव, पिवळं कार्ड दहाऐवजी दोन मिनिटांचं, असे फरक आहेत. शाळांना तेच लागतात, म्हणून ते वेगळे लिहून घ्या.

शिट्टीबद्दल मला नेहमी विचारतात. चांगली, आत गोळी नसलेली घ्या. पावसात आणि घामाने भिजली तरी वाजते. मेन रोडवरच्या खेळाच्या दुकानांत मिळते. हातात घेऊन, दुकानाबाहेर येऊन एकदा जोरात वाजवून पाहा, दुकानदार काही म्हणत नाहीत. वेल्सचे पंच गिल इव्हान्स यांनी १९०५ च्या इंग्लंड-न्यूझीलंड सामन्यात वापरलेली शिट्टी आजही जपून ठेवलीय आणि पुरुषांच्या विश्वचषकाचा पहिला सामना तिच्याच आवाजाने सुरू होतो. मुलांना हे सांगा, मग ती आपली शिट्टी नीट सांभाळायला लागतात.

अभ्यासक्रम करणाऱ्यांसाठी शेवटचं. व्हिडिओ भरपूर असल्याने डेटा संपतो, घरच्या किंवा शाळेच्या वायफायवर करा. एक भाग एका बैठकीत पूर्ण करा, मध्ये सोडला तर धागा तुटतो. कानाला हेडफोन लावा, पंचांचे आवाज ऐकण्यासारखे आहेत. प्रमाणपत्राची पीडीएफ लगेच उतरवून छापून ठेवा, प्रत्यक्ष शिबिराला नाव देताना ती मागतात. आणि नाशिक, सिन्नर, निफाड, दिंडोरी कुठलेही क्रीडाशिक्षक असाल आणि हा अभ्यासक्रम पूर्ण केलात, तर शाळेमार्फत कळवा. येत्या हंगामात जिल्ह्यात किमान चार पंच तयार हवेत, मला दोनच माहीत आहेत.